बोटभर उंच

सरांनी दोन्ही हात छातीवर फुलीसारखे बांधले, हनुवटी वर केली आणि टेबलाजवळच्या खुर्चीतून उठले.

"एक," ते मोठ्याने म्हणाले. बसले, परत उठले. "दोन."

आवाज अजून मैदानावरचाच होता. अर्धं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या उठाबशा मोजल्या होत्या. पोरांना उन्हात रांगेत उभं करायचं, गळ्यात शिट्टी अडकवायची आणि मोजत राहायचं. स्वतःच्या मोजायची पाळी आली ती पासष्टी उलटल्यावर, आणि त्याही अशा, खुर्चीतल्या खुर्चीत. पण मोजण्यात लबाडी नव्हती. अर्धवट उठलेल्याची उठाबशी ते कधीच धरत नसत, मग तो हेडमास्तरांचा मुलगा असो की ते स्वतः.

"पाच!" सर उभे राहिले आणि टेबलाची कड पकडून त्यांनी दम खाल्ला. "बघितलंस का?"

"बघितलं," बाई म्हणाल्या. त्या ओट्याशी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. उभ्यानेच चहा पीत होत्या.

"पाठीला डोळे फुटलेले दिसतात तुझ्या."

"मोजता ते ऐकू येतं ना. अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं."

सरांना ते आवडलं. आज हॉस्पिटलात हेच करून दाखवायचं होतं. हात बांधून, टेकू न घेता, खुर्चीतून पाच वेळा उठायचं. एवढं जमलं की डाव्या खुब्याचं ऑपरेशन. त्या खुब्यातलं हाड आतल्या आत वाळून चुरत चाललं होतं, आणि दीड वर्ष सर जिना उतरले होते ते फक्त हॉस्पिटलात जाण्यापुरते.

एचआयव्हीने सरांना मारलं नाही. मारील असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. नातेवाइकांनी तर मनातल्या मनात त्यांचे दिवस घालूनही टाकले होते. मग गोळ्या आल्या आणि सर वाचले. पण त्या सुरुवातीच्या गोळ्याही काही धर्मादाय नव्हत्या. त्यांनी गालांचे खड्डे केले, मांड्यांवरचं मांस उतरवलं आणि जाता जाता दोन्ही पावलांची जाण घेऊन गेल्या. पायात चप्पल आहे की नाही हे सर खाली बघून ठरवायचे. एकदा मैदानावरून घरापर्यंत एका चपलेने चालत आले होते आणि बाईंनी दारात विचारलं तेव्हा कुठे त्यांना कळलं. तपासणीला डॉक्टर टाचणी टोचायचे तेव्हा सर त्यांच्या हाताकडे बघत बसत आणि वेळेवर "हं, टोचलं" म्हणत. वर्गातली पोरं शेजारच्याचं बघून लिहायची, तसंच. तक्रार करायची सोय नव्हती. वाचलात ना, मग आता कुरकुर कसली, असा सगळ्यांचाच सूर असायचा. गोळ्या देणाऱ्यांचासुद्धा.

बाईंनाही तोच आजार होता. कुठल्याशा परगावच्या स्पर्धेला सर पोरांची टीम घेऊन गेले होते, तिथून तो त्यांनीच घरी आणला. बाईंनी त्याबद्दल त्यांना कधी एक शब्द विचारला नाही, आणि ते न विचारणं सरांना खुब्यापेक्षा जास्त दुखायचं. गोळ्या दोघांच्या त्याच, वर्षंही तीच. पण घरातला पेशंट म्हणजे सर. बाई सोबत.

"निघायचं का?" बाईंनी कप धुऊन पालथा घातला.

"नवीन खुबा बसला की पहिलं काम काय करणार, माहितीये?"

"मैदानावर जाणार."

"ते नंतर. पहिल्यांदा स्वतःच्या पायाला स्वतः साबण लावणार."

सरांनी मुद्दामच ते वाक्य टाकलं होतं. त्यांचा हात गुडघ्याच्या खाली पोचत नसे, म्हणून आंघोळ बाई घालायच्या. पूर्वी समोर बसून घालायच्या. हल्ली, बरेच महिने झाले, त्यांनी एका काठीला स्पंज बांधला होता आणि उभ्या उभ्या, लांबून, त्या स्पंजाने सरांचे पाय चोळत. फरशी पुसावी तसं. पहिल्यांदा ती काठी दिसली त्या दिवशी सरांनी तोंड मिटून घेतलं ते आंघोळ होईपर्यंत उघडलं नाही. इतक्या वर्षांनी हिला आता किळस यायला लागली, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. विचारायची हिंमत झाली नाही. हो म्हणाली असती तर?

खाली उतरताना नेहमीप्रमाणे तळमजल्यावरचा सुतार पुढे झाला आणि पाठीला हात लावून एकेक पायरी सरांना उतरवत टॅक्सीपर्यंत घेऊन आला. त्याच्या अंगाला लाकडाच्या भुशाचा वास येत होता.

"आज फत्ते करूनच या सर," तो म्हणाला आणि बाईंकडे बघून उगाच खाली बघायला लागला.

हॉस्पिटलात फिजिओथेरपीच्या खोलीत एक चुणचुणीत मुलगी होती. तिने भिंतीला टेकवून एक स्टीलची खुर्ची ठेवली.

"बसा काका. हात छातीवर. मी सुरू म्हटलं की उठायचं."

"सर म्हण."

"बरं, सर." ती हसली. "सुरू."

सर पुढे झुकले. 'एक' जिभेवर तयार होता. पण अंग वर आलंच नाही. मागून कोणीतरी शर्ट धरून ठेवल्यासारखं झालं. त्यांनी परत जोर केला. मांड्या थरथरल्या, बूड टीचभर सुटलं आणि धपकन खाली आलं.

"सावकाश. घाई नाही."

"खुर्ची खचलीये ही."

"नवीन आहे सर. गेल्या महिन्यातच आल्यात सगळ्या."

"मग दुसरी दे. माझी घरी रोज पाच होतात. सकाळीच केल्यात. हिला विचार."

मुलीने बाहेरच्या व्हरांड्यातून दुसरी खुर्ची आणली. ती पहिलीची सख्खी बहीण होती. सर तिच्यावर बसले आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की गुडघे नेहमीपेक्षा फार वर आलेत. त्यांनी दात आवळले, हात बांधले, हनुवटी वर केली. शाळेच्या वार्षिक स्पर्धेत शेवटून पहिला येणाऱ्या पोराला ते म्हणायचे, नुसतं तोंड वाकडं करून पाय पळत नाहीत. आता त्यांचं तोंड तसंच वाकडं झालं होतं.

"घरी कुठल्या खुर्चीवर करत होता?" मुलीने विचारलं.

"साध्या. जेवणाच्या."

"केवढी उंच आहे ती?"

"खुर्चीएवढी! खुर्ची केवढी असते?"

मुलीने बाईंकडे बघितलं. बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. बसायला बाकडं होतं तरी उभ्याच. पर्सची चेन त्या लावत होत्या, आणि ती आधीच लागलेली होती.

"मावशी, थोडी उंच आहे का घरची?"

"असेल थोडी," बाई म्हणाल्या.

सर्जन बाई आल्या. तिशी-पस्तिशीच्या, बोलायला गोड. तीन महिन्यांपूर्वी सर पहिल्यांदा त्यांच्याकडे आले तेव्हा एक भाषण पाठ करून आले होते. माझा आजार आता काबूत आहे, माझ्या रक्ताचे रिपोर्ट बघा, कायद्याने तुम्हाला मला नाही म्हणता येत नाही, असं सगळं. कारण बारा वर्षांपूर्वी, खुबा नुकता दुखायला लागला होता तेव्हा, एका मोठ्या सर्जनने त्यांचा एक्स-रे पेनाच्या टोकाने पुढे सरकवला होता आणि 'अशा केसेस आम्ही घेत नाही' म्हणून सांगितलं होतं. या सर्जन बाईंनी मात्र भाषण सुरू व्हायच्या आतच त्यातली हवा काढून टाकली. 'तुमच्या आजाराचं मला काही नाही,' त्या म्हणाल्या होत्या. 'मला पायातल्या ताकदीचं आहे. ताकद आणा, मी खुबा बसवते. मात्र लवकर. तुमची मूत्रपिंडं अजून साथ देतायत, पुढच्या वर्षी भूल झेपेलच असं नाही.' त्या दिवशी सर घरी येऊन लहान पोरासारखे हसले होते.

आज सर्जन बाईंनी फिजिओच्या मुलीशी दोन वाक्यं बोलून घेतली आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आत्ता केलं तर खुबा नवा होईल आणि तुम्ही पलंगावरून उठणार नाही. त्यापेक्षा आहे ते बरं."

"तीन महिने द्या अजून."

"बघू."

हा शब्द सरांना चांगला ओळखीचा होता. टीममध्ये ज्याला घ्यायचं नसे त्याला ते हेच सांगायचे.

"बारा वर्षांपूर्वी या मांड्या बघायला हव्या होत्या तुम्ही," सर म्हणाले. आवाज चढला होता, बाहेरची माणसं वळून बघायला लागली. "मैदानाला फेऱ्या मारायचो, पोरं मागे पडायची. तेव्हा तुमच्या लोकांना माझं रक्त नको होतं. आता रक्त चालतंय तर पाय नकोत!"

सर्जन बाईंचा चेहरा उतरला. "मी तेव्हा कॉलेजात होते हो," त्या हळूच म्हणाल्या.

सरांनी काठीसाठी हात पुढे केला. त्या ठेंगण्या खुर्चीतून त्यांना उठवायला मुलगी आणि एक वॉर्डबॉय असे दोघे लागले, काखेत हात घालून. बाई काठी धरून बाजूला उभ्या राहिल्या. एक हातही लावला नाही हिने, सरांनी मनात नोंद केली.

परतीच्या टॅक्सीत ते खिडकीबाहेर बघत बसले. खुर्चीएवढी, खुर्चीएवढी, हे त्यांचंच वाक्य डोक्यात फिरत होतं. असेल थोडी, असं ती म्हणाली. थोडी म्हणजे? खुर्ची कशी काय थोडी उंच असेल? लग्नात घेतलेल्या चार खुर्च्यांपैकी ती एक. बाकीच्या तीन मागेच कोणाला तरी देऊन टाकल्या होत्या.

सुताराने वर चढवून दिलं. "काय झालं सर?" हे त्याने विचारलं नाही, आणि न विचारणंही सरांना खटकलं. तो गेल्यावर सर बसले नाहीत. टेबलाला धरून उभे राहिले आणि त्यांनी काठीच्या टोकाने खुर्चीच्या पायावर ठोकलं. वर ठोकलं, खाली ठोकलं. आवाज निराळा आला. मग त्यांनी काठी खुर्चीच्या पाठीत अडकवली आणि जोर लावून ती मागे ढकलली. खुर्ची कलंडली आणि मागच्या दिवाणावर पाठ टेकून चारही पाय वर करून पडली.

प्रत्येक पायाला खाली ठोकळा होता. एक ठोकळा नाही, चकत्या. एकावर एक, बोटभर जाडीच्या, सरसाने चिकटवलेल्या आणि वरून खिळा मारलेल्या. सगळ्यांना खुर्चीच्याच रंगाचा तपकिरी हात दिलेला. काम नामी होतं.

"हे काय आहे?"

"ठोकळे," बाई म्हणाल्या.

"दिसतायत मला. कधीपासून?"

"पहिला मागच्या थंडीत. मग एकेक."

सरांना आठवलं. सुतार यायचा, खुर्ची डुगडुगते म्हणून घेऊन जायचा, तासाभराने आणून द्यायचा. दर वेळी सर म्हणायचे, कसली लाकडं आहेत ही, सारखी डुगडुगतात.

"आणि मला कळलं नाही."

"बोटभरच वाढवत होतो."

"अगं, मला कळणार कसं!" सर ओरडले. "पाय जमिनीला टेकलाय की नाही हे मला डोळ्यांनी बघावं लागतं, हे तुला ठाऊक नाही? टाचा हवेत होत्या माझ्या, आणि मी हनुवटी वर करून मोजतोय. एक, दोन, तीन! आणि तू तिकडे तोंड करून ऐकत होतीस!"

"सांगणार होते."

"कधी? तेराव्याला?"

बाईंनी पदर नीट केला. "तुम्ही ज्या दिवशी व्यायाम सुरू केलात त्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही उठलात आणि मोठ्याने 'एक' म्हणालात. तुमचा तो आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. म्हटलं, आज नको, उद्या सांगू. मग दुसऱ्या दिवशी दोन झाल्या."

"दया आली तुला माझी."

सरांनी काठी ठोकळ्यांवर रोखली.

"काढ ते. सगळे. आत्ताच्या आत्ता."

बाईंनी ड्रॉवरमधून हातोडी आणली. खुर्चीचे पाय त्यांच्या कमरेच्या उंचीवर आले होते, त्यामुळे वाकायला लागत नव्हतं. त्यांनी पहिल्या चकतीवर आडवा घाव घातला. चकती हललीही नाही. दुसरा घातला, तो घसरून टेबलाला लागला. सर बघत होते. कोणतं पोर कुठल्या हाताने चेंडू फेकतं हे बघण्यात त्यांची नजर तयार झालेली होती, आणि घरात मात्र ती कधी वापरली नव्हती.

"डाव्या हातात का धरलीस हातोडी?"

"उजवा वळत नाही."

"का?"

"मोडला होता ना, मनगटात." बाईंनी तिसरा घाव घातला. चकती टुणकन उडाली आणि फरशीवर घरंगळत गेली. "बाथरूममध्ये पडले होते तेव्हा."

"मुरगळला म्हणालीस तू!"

"तुम्ही विचारलंत, मुरगळला का? मी हो म्हटलं."

"डॉक्टरकडे गेली नाहीस?"

"तुम्हाला कोणाजवळ ठेवून जाणार होते? दुकानातून पट्टा आणला आणि बांधला. बसला जसा बसायचा तसा. आपली हाडं आता शेवग्याच्या फांदीसारखी झालीत, डॉक्टर म्हणतातच."

त्या एकेक चकती उडवत राहिल्या. बराच वेळ लागला. मध्ये थांबून त्या दिवाणाच्या कडेला मांडी टेकवत, पण बसत नसत. सरांच्या पोटातला राग निवला नव्हता. उलट आता तो कोणावर काढायचा हे कळेना म्हणून जास्तच पेटला. तीन महिने तिने त्यांना फसवलं होतं. बारा वर्षं वाट बघितलेला खुबा आज हातातून गेला होता आणि तो या बाईच्या ठोकळ्यांवरून घसरून गेला होता.

शेवटची चकती निघाल्यावर त्यांनी काठीने आणि बाईंनी डाव्या हाताने मिळून खुर्ची पायांवर उभी केली. ती एकदम बुटकी दिसायला लागली.

"बस," सर म्हणाले.

"मला नको."

"बस म्हणतोय ना! तीन महिने माझं मोजणं ऐकलंस. आता तुझ्या मी मोजतो. बघू तरी, खोट्या खुर्चीवरून खऱ्या खुर्चीवर आल्यावर काय होतं ते तुला कळू दे."

बाईंनी खुर्चीकडे जरा वेळ बघितलं. मग टेबलाला धरून त्या खाली गेल्या. शेवटच्या टप्प्याला हात सुटला आणि त्या खुर्चीत आदळल्या.

"हात बांध."

बाईंनी हात बांधले. उजवं मनगट छातीवर नीट बसत नव्हतं, वाकडं बाहेर राहत होतं.

"ऊठ."

बाई पुढे झुकल्या. सरांनी खांदे बघितले, गुडघे बघितले, टाचा बघितल्या आणि पहिल्याच क्षणी त्यांना कळलं. रांगेत उभ्या असलेल्या पोरांतलं कोणतं भोवळ येऊन पडणार आहे हे त्यांना पडायच्या आधी कळायचं, तसंच.

"अजून झुक," ते म्हणाले. आवाज खाली आला होता.

बाई झुकल्या.

"टाचा मागे घे."

घेतल्या. साडीच्या घडीखाली दोन्ही गुडघे थरथर कापत होते. मांड्या तिलाही उरल्या नव्हत्या. साडीत कधी दिसलं नव्हतं, इतकंच.

"हात सोड. टेबलाला धर."

बाईंनी टेबल धरलं. टेबल पुढे सरकलं, बाई तिथेच राहिल्या.

"नाही उठवत मला," त्या म्हणाल्या. दूध संपलं हे सांगावं तशा. "एवढ्या खालच्या खुर्चीत मी बसतच नाही हल्ली."

"मग ते ठोकळे..."

"तुम्हाला ओढून उठवायला हात चालेना. रोज वाटायचं, आज दोघंही पडणार. म्हणून पहिला लावून घेतला. मग वाढवत वाढवत गेल्यावर मलाही बसायला यायला लागलं. तुम्ही झोपलात की मी बसायचे घटकाभर."

सरांना न्हाणीघरातली ती स्पंजाची काठी आठवली. हिला खाली बसताच येत नव्हतं. महिनोन् महिने रोज सकाळी न्हाणीतल्या उंच स्टुलावर बसून त्यांनी तिच्याबद्दल जे जे मनात आणलं होतं, ते सगळं खोटं होतं.

त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला. बाईंनी तो आपल्या चांगल्या हाताने धरला. सरांनी ओढलं. खुब्यात सुरी फिरली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते बाईंच्या अंगावरच जायचे, पण बाईंनी झटकन हात सोडून त्यांना पोटाशी ढकलून सरळ केलं.

"राहू द्या. दोघंही पडू."

सर टेबलाला टेकून उभे राहिले. या खोलीत बसायची सोय नव्हती, उंच पलंग होता तो आतल्या खोलीत. दिवाण खुर्चीहून ठेंगणा, एकदा बसले की उठवायला कोणी नाही. खोलीत आता एकाला बसता येत नव्हतं आणि एकीला उठता येत नव्हतं. मघाचा राग होता तोच बरा होता, असं त्यांना वाटून गेलं. रागाला निदान धरून उभं राहता येत होतं.

"माझी पण तपासणीची तारीख लावून घेता आली असती," त्या म्हणाल्या. "दर वेळी येतेच की तुमच्याबरोबर. पण कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही."

"मी विचारायला हवं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "हवं होतं."

दुसरं काही तरी म्हणतील, जाऊ द्या म्हणतील, म्हणून सर थांबले. बाईंनी बोटाने अंगठ्याला चिकटलेला सरसाचा सुका पापुद्रा सोलून काढला.

"सुताराला हाक मारा," मग त्या म्हणाल्या. "किती वेळ उभे राहणार?"

सर खिडकीशी गेले. खाली रंधा चालल्याचा आवाज येत होता. या खिडकीतून त्यांनी आजवर कोणाला मदतीला बोलावलं नव्हतं. हाक मारली तर कारण सांगावं लागणार, कारण सांगितलं की चौकशा होणार, आणि चौकशा कुठवर जातात हे दोघांनी आधीच्या दोन घरांत भोगलं होतं. पहिली हाक घशातच राहिली. दुसरी त्यांनी मैदानावरची मारली.

रंधा थांबला. सुतार बाहेर आला. कानावर पेन्सिल होती.

"काय सर? पडलात का?"

"मी नाही." सरांनी गज धरला. "बाई. बाईंना जरा उठवायचं होतं."

आता हा विचारणार, बाईंना? त्यांना काय झालं? सरांनी उत्तराची जुळवाजुळव सुरू केली. पण सुताराच्या चेहऱ्यावर काडीचंही आश्चर्य दिसलं नाही.

"परत बसल्या का कुठे खाली?" तो म्हणाला. "थांबा, हिला पाठवतो." आणि दुकानामागच्या खोलीकडे तोंड करून त्याने हाळी दिली, "अगं, वर जाऊन ये गं. बाई बसल्यात."

सर खिडकीतून वळले. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

"दुपारी तुम्ही झोपलेले असता," त्या म्हणाल्या.

जिन्यावर पावलं वाजायला लागली. तरण्या बाईची, भराभर, दोन-दोन पायऱ्या टाकत. कठडा धरल्याचा आवाज नाही, मध्ये थांबणं नाही. सरांनी काठी घेतली आणि दार उघडायला निघाले. ते टेबलापाशी पोचले असतील नसतील, तोच कुलपात बाहेरून किल्ली फिरली.